बावखलातला मासा, वडाळ्याचं मीठ

मुंबईच्या एका माशाची जन्मनोंद पॅरिसमध्ये आहे. झाँ-झाक द्युस्युमिए नावाचा बॉर्दोचा एक जहाजमालक एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्यापारासाठी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर खेपा करायचा. परतताना मालाबरोबर दारूच्या बरण्यांत बुडवलेले मासेही न्यायचा आणि पॅरिसच्या संग्रहालयाच्या हवाली करायचा. मुंबईहून नेलेल्या अशा माशांत एक बोटभर लांबीचा मासा होता. तोंड आभाळाकडे वळलेलं, कुशीवर सोनेरी खवल्यांच्या रांगा, शेपटीकडे काळसर उभे पट्टे. प्राणिशास्त्रज्ञ कुव्हिएबरोबर सुरू केलेल्या आणि कुव्हिएच्या मागे एकट्यानं चालवलेल्या प्रचंड मत्स्यग्रंथाच्या अठराव्या खंडात आशिल व्हालेन्सिएन यांनी १८४६ साली त्याचं वर्णन छापलं. ठिकाण लिहिलं, मुंबई. आज शास्त्रात तो आप्लोचायलस लिनिआटस. घरी मासे पाळणारे या गोतावळ्यातल्या सगळ्यांनाच किली म्हणतात.

आमच्या वसईच्या वाडीत त्याला कोणी काहीच म्हणत नसे. मोठ्या माणसांच्या लेखी जो कालवणात जात नाही तो मासाच नव्हे. आम्ही पोरं मात्र त्याला टिकलीवाला म्हणायचो, कारण बावखलाच्या काठावर उभं राहिलं की आधी त्याच्या डोक्यावरचा रुपेरी ठिपका दिसायचा आणि मग मासा. बावखल म्हणजे वसईच्या वाड्यांतलं खोदीव तळं. पावसाचं पाणी धरून ठेवायचं, आसपासच्या विहिरींचे झरे जिवंत ठेवायचे आणि केळी-पानवेलींना शिंपायला पाणी पुरवायचं, ही त्याची कामं.

चर्चगेटला नोकरीला लागलो तेव्हापासून मी या माशाची पिल्लं घरी वाढवतो आहे, आणि तेव्हापासूनच त्याच्याबद्दल मिळेल ते वाचतो आहे. शौकाचा इतिहास म्हणून वाचायला घेतलं, पण हाती लागला तो मलेरियाचा, मिठाचा आणि टपालाचा इतिहास. माझं त्यातलं म्हणणं थोडक्यात असं, की किलीची पिल्लं वाढवायला जे जे लागतं ते सगळं मुंबई-वसईत होतं, आणि आपण ते सगळं बाहेरून विकत आणलं.

मलेरियापासून सुरुवात करतो. १८६० साली मुंबईत विहार तलावाचं पाणी नळानं आलं. त्याआधी शहर विहिरींवर आणि तळ्यांवर जगत होतं. नळ आल्यावर विहिरी बुजवायचं कोणाच्या मनात आलं नाही. घरांच्या परसात, अग्यारींत, देवळांत त्या तशाच राहिल्या, फक्त उपसा कमी झाला. पाणी हललं नाही की डासाचं फावतं. रोनाल्ड रॉसनी १८९७ मध्ये सिकंदराबादेत मलेरियाचा आणि डासाचा संबंध दाखवून दिला होता. मुंबईतला डास नेमका कुठे पैदा होतो, हे शोधायला सरकारनं डॉ. चार्ल्स बेंटली यांना नेमलं. त्यांचा अहवाल १९११ सालचा. त्यांनी बोट ठेवलं ते थेट विहिरींवर. ॲनॉफिलीस स्टीफेन्सी हा डास दलदलीपेक्षा शहरातल्या विहिरी-टाक्यांतल्या स्वच्छ पाण्यात आनंदानं वाढतो. बेंटलींचा उपायही सरळ होता: विहिरी बुजवा, नाहीतर डास शिरणार नाही अशा झाकून टाका.

शहर उखडलं. पारशांच्या विहिरी पवित्र, हिंदूंच्या विहिरींत देव आणि आसरा, जैनांना विधीसाठी विहिरीचंच पाणी हवं. चर्चगेटजवळची भिका बेहराम विहीर १७२५ सालची, आजही जिवंत आहे. मी नोकरीवर जाता-येता तिच्यावरून जायचो. महापालिकेचे सचिव रुस्तम पेस्तनजी मसानी यांच्याकडे या तक्रारींचा इतका ढीग जमला की त्यातून त्यांना विहिरींच्या लोकश्रद्धांवर पुस्तक सुचलं. ते १९१८ साली मुंबईतच छापून निघालं. सरकारी कागदांतून इतकं वाचनीय पुस्तक निघाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही. शेवटी बऱ्याच विहिरींवर जाळीची झडप बसवून तडजोड झाली.

विहीर बुजवायची नाही आणि डासही नको, मग तिसरा मार्ग उरतो तो माशाचा. आमच्या आजीला हे सांगायला साहेब लागला नसता. तिच्या विहिरीत टिकलीवाले होतेच. कोणी सोडले ते तिलाही माहीत नव्हतं. पण सरकारी ज्ञान कागदावर यावं लागतं. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमनं १९१२ साली सीमोर सेवेल आणि बी. एल. चौधुरी यांची पुस्तिका काढली. डासांच्या अळ्या खाण्यात कसाला उतरलेले हिंदी मासे, असा तिचा विषय. आपल्या माशाचं कूळ त्यात मानानं बसलेलं आहे. पुढे १९३६ मध्ये बैनी प्रसाद आणि सुंदरलाल होरा यांनी अळीभक्षक माशांचा आढावा घेतला, १९३८ मध्ये होरा आणि मुखर्जी यांनी मलेरियावाल्यांसाठी मार्गदर्शिकाच लिहिली. म्हणजे आपल्याकडे काय आहे, हे ठाऊक होतं. अगदी छापील ठाऊक होतं.

तरी आज ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत कोणालाही विचारा, डासांवरचा मासा म्हणजे गप्पी. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आपल्याकडे १९०८ च्या सुमारास आला. त्याचा अमेरिकी भाऊबंद गॅम्बुसिया १९२८ साली डॉ. बी. ए. राव यांनी इटलीहून आणला. दोघांनी मिळून टिकलीवाल्याला मागे टाकलं ते खाण्याच्या जोरावर नव्हे. अळ्या टिपण्यात टिकलीवाला तरबेज आहे. तोंडच वर वळलेलं, पृष्ठभागावरचं काही त्याच्या तावडीतून सुटत नाही. फरक पिल्लांत आहे. गप्पी आणि गॅम्बुसिया अंडी घालत नाहीत, जिवंत पिल्लं टाकतात, तीही महिन्या-सव्वा महिन्यानं पुन्हा पुन्हा. पिल्लू जन्मल्या क्षणी पोहतं आणि खातं. टिकलीवाल्याची मादी रोज मोजकीच अंडी घालते, तीही पाणवनस्पतीच्या मुळांना किंवा पानांना चिकटवून. ती फुटायला दोन आठवडे लागतात. तेवढ्यात कोणी ती खाल्ली नाहीत तर पिल्लं बाहेर येतात, आणि मग त्यांच्यावर आईबापांचीच नजर असते. बावखलात शेवाळ, मुळं, गवत आहे, तिथे निभावतं. चुन्यानं लिंपलेल्या शहरी विहिरीत अंडं चिकटवायचं कशाला? ज्याची पिल्लं वाढवावी लागत नाहीत तो मासा जिंकला. आरोग्य खात्याच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं, मी त्यांना दोष देत नाही. पण पिल्लं वाढवण्याचा खटाटोप ज्यांनी केला ते लोक त्या वेळी मुंबईत नव्हते, बर्लिनमध्ये होते.

जर्मनीत घरच्या काचपेटीचं वेड एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून होतं. एमिल रॉसमेसलर यांनी १८५६ साली काचेतल्या तळ्यावर लेख लिहिला आणि मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत टाक्या आल्या. त्याआधी पाळलेला मासा म्हणजे हौदातला किंवा कुंडातला, वरून बघायचा. काचेनं तो बाजूनं दाखवला. हा फरक केवढा आहे हे मला कळलं ते मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात. ते १९५१ साली सुरू झालं, आणि मुंबईतल्या शेकडो पोरांप्रमाणे मीही तिथेच पहिल्यांदा माशाची कूस पाहिली. घरी येऊन टिकलीवाला लोणच्याच्या बरणीत घातला. वरून तपकिरी काडी दिसणारा मासा बाजूनं सोन्याहिरव्या ठिपक्यांचा निघाला. बावखलाच्या काठावर बसून जन्म काढला असता तर हे कळलं नसतं.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आगबोटींवरचे खलाशी दूरदेशचे मासे डब्यांतून हॅम्बुर्गला आणून विकू लागले. त्याच लाटेत, १९०९ च्या सुमारास, आपला मासा जिवंत जर्मनीत पोचला. टाकीत गरम पाणी ठेवायची सोय आज वाटते तितकी सोपी नव्हती. काहीजण टाकीच्या तळाखाली दिवा किंवा गॅसची ज्योत ठेवत. तरीही मासे जगले, अंडी घातली, अंडी फुटली. आणि प्रत्येक नव्या शौकिनाला जो प्रश्न पडतो तो त्यांनाही पडला. या पिल्लाला खायला काय घालायचं?

हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. नुकतंच फुटलेलं पिल्लू चार-पाच मिलिमीटरचं. पहिला दिवस-दीड दिवस पोटाला चिकटलेल्या बलकावर भागतं. त्यानंतर त्याला हलणारं, तोंडात मावेल असं अन्न लागतं. न हलणारं अन्न त्याच्या लेखी अन्न नव्हे. बारीक पूड टाकली तर ती तळाला जाते, कुजते आणि पाणी नासवते. जुने जर्मन आणि इंग्रज शौकीन यावर एकच उपाय जाणत: पेंढा, कोबीचं पान नाहीतर केळ्याची साल पाण्यात कुजवायची आणि त्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जिवांचं धुकट पाणी थेंब थेंब टाकीत सोडायचं. त्याला इन्फ्युसोरिया म्हणतात. मीही सुरुवातीला ते केलं. घरात त्याचा जो वास सुटतो त्याबद्दल आमच्या हिचं मत मी इथे लिहीत नाही. शिवाय टिकलीवाल्याच्या पिल्लाला ते धुकटही अपुरं पडतं. त्याचं तोंड मोठं, भूक मोठी. तळ्यातून गाळून आणलेले डाफ्निया, म्हणजे पाणपिसवा, चालतात, पण त्यांच्याबरोबर चतुराचे डिंभक येतात, आणि ते एका रात्रीत टाकी साफ करतात.

उत्तर मिळालं ते १९३३ मध्ये, सान फ्रान्सिस्कोत. तिथल्या स्टाइनहार्ट मत्स्यालयाचे प्रमुख ॲल्विन सील यांनी अमेरिकी मत्स्यशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात लिहिलं की मिठागरातली आर्टेमिया नावाची कोळंबीसारखी बारीक जीवजात माशांना जिवंत अन्न म्हणून उत्तम चालते. सान फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठी मिठागरं आहेत, तिथे ती अमाप मिळे. आर्टेमियाची खरी करामत तिच्या अंड्यात आहे. पाणी फार खारट झालं किंवा आटायला लागलं की ती कवचबंद अंडी टाकते. वाळवलेलं हे अंडं पाव मिलिमीटरचं, रंगानं तपकिरी, हाताला पुडीतल्या पावडरीसारखं लागतं. डब्यात वर्षानुवर्षं तसंच राहतं. मिठाच्या पाण्यात टाकून हवेचे बुडबुडे सोडले की चोवीस ते छत्तीस तासांत त्यातून अर्ध्या मिलिमीटरहून लहान नारिंगी पिल्लू बाहेर पडतं. १९३९ साली नॉर्वेत रोलेफसेन यांनी समुद्री माशांची पिल्लं याच अन्नावर वाढवून दाखवली. जगभरची कोळंबी आणि मासळी उबवणी केंद्रं आजही याच पुडीवर चालतात.

याच सील महाशयांची एक आधीची कामगिरी आहे. १९०५ साली हवाईच्या उसाच्या मळ्यांच्या मुलखात डासांचा उच्छाद होता. तरुण सील टेक्ससला गेले आणि डासखाऊ मासे जिवंत घेऊन हवाईला परतले. त्यांत गॅम्बुसिया होता. गॅम्बुसिया जग फिरायला निघाला त्यातली ही एक पहिली मोठी फेरी. पुढे स्पेन, इटली आणि इटलीहून आपण. आता तो जगातल्या सर्वांत घातक घुसखोर प्राण्यांच्या यादीत आहे, कारण अळ्यांइतक्याच आवडीनं तो इतर माशांची अंडी आणि पिल्लं खातो. म्हणजे टिकलीवाल्याच्या वैऱ्याला प्रवासाला लावणारा माणूस आणि टिकलीवाल्याच्या पिल्लांना जेवण मिळवून देणारा माणूस एकच. असा योगायोग कादंबरीकारानं घातला असता तर संपादकानं खोडला असता.

आता वडाळा. आपल्याकडे डॉ. सी. व्ही. कुलकर्णी नावाचे मत्स्यशास्त्रज्ञ होऊन गेले. मुंबई इलाख्याच्या आणि नंतर महाराष्ट्राच्या मत्स्यखात्यात त्यांनी आयुष्य घालवलं; निवृत्तीनंतर लोणावळ्याच्या तलावांवर महसीरच्या पैदाशीत त्यांनी केलेलं काम लोकांना थोडंफार आठवतं. १९४० साली त्यांनी मुंबई इलाख्यातल्या खाड्यांच्या निमखाऱ्या पाण्यातून एक इवलासा पारदर्शक मासा शोधून काढला. जेमतेम तीन सेंटिमीटरचा. त्या काळच्या वर्गवारीत तो किलींचाच नातेवाईक होता. त्यांनी त्याला नवं कूळ दिलं आणि होरा व सेटना या दोघा मत्स्यतज्ज्ञांच्या सन्मानार्थ नाव ठेवलं होराइक्थिस सेटनाई. त्यांचा लेख कोरड्या नावा-मोजमापाचा नाही. मासा राहतो कसा, नर-मादी जुळतात कशी, अंडं वाढतं कसं, हे सगळं त्यात आहे. टाकीसमोर बसून बघणाऱ्या माणसाचा तो लेख आहे. आता या माशाची गणना भातखाचरातल्या माशांच्या कुळात होते, पण म्हणून कुलकर्ण्यांचं निरीक्षण जुनं झालं नाही.

याच कुलकर्ण्यांनी १९५३ साली नोंद केली की वडाळ्याच्या मिठागरांत आर्टेमिया आहे. हिंदुस्थानातली ती पहिली नोंद मानतात. ज्या पुडीच्या शोधात सगळं जग सान फ्रान्सिस्कोकडे बघत होतं, ती हार्बर लाइनीच्या कडेला होती. त्याच सुमारास अमेरिकेत ग्रेट सॉल्ट लेकवर अंडी गोळा करून डबाबंद विकण्याचा धंदा उभा राहत होता. आपल्याकडे धंदा उभा राहिला नाही, त्याला कारणंही होती. ग्रेट सॉल्ट लेकवर थंडी पडली की मोठी आर्टेमिया मरते, अंड्यांचे तपकिरी तवंग पाण्यावर तरंगतात आणि ते गोळा करता येतात. आमच्या मिठागरांचा हंगाम थंडी संपता संपता जोर धरतो आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाला संपतो. गोडं पाणी भरलं की कोंडीत ना मीठ राहतं ना आर्टेमिया. शिवाय मिठागरवाल्याला मीठ हवं. त्यात वळवळणारा लाल जीव त्याच्या दृष्टीनं निरुपयोगी. नायगावच्या आगरातले एक वयस्कर कामकरी मला म्हणाले होते, "काका, पाणी लालसर झालं की आम्हाला कळतं मीठ पडायला आलं. त्यात काय असतं ते तुम्हीच बघा." मी बघितलं. भिंगाखाली त्यात आर्टेमिया पाठीवर पोहत होती.

तेव्हापासून माझ्या घरी असा प्रकार आहे: मीठ नायगावचं, अंडी अमेरिकेची. क्रॉफर्ड मार्केटातून आणलेला डबा फ्रीजमध्ये, त्याच्यावर ठळक अक्षरांत "मसाला नाही" अशी चिठ्ठी. उलट्या धरलेल्या बाटलीत लिटरभर पाण्याला पंचवीस-तीस ग्रॅम खडे मीठ, चमच्याच्या टोकावर मावतील तेवढी अंडी आणि पंपाची नळी. दुसऱ्या दिवशी हवा बंद करायची. कवचं वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाला बसतात आणि पिल्लं उजेडाकडे धावतात. बाटलीच्या एका कडेला विजेरी लावली की तिथे नारिंगी ढग जमतो. तो नळीनं ओढून, फडक्यातून गाळून, गोड्या पाण्यानं धुऊन घ्यायचा. मिठाचं पाणी टाकीत जाता कामा नये. टिकलीवाल्याचं पिल्लू खायला लागल्याच्या पहिल्याच दिवशी ही पिल्लं गिळतं, आणि पोट नारिंगी झालं की समजायचं, हे जगणार.

बाकीचं कसब साधं आहे, पण चुकवता येत नाही. अंडी मिळवायला मी लोकरीच्या दोऱ्याचा जुडगा बुचाला बांधून पाण्यात सोडतो. मादीला तो मुळांसारखा वाटतो. अंडं मोहरीच्या दाण्याएवढं, काचेसारखं, आणि इतकं चिवट की दोन बोटांत धरून उचलता येतं. पांढरं पडलेलं अंडं त्याच दिवशी काढायचं, नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्यांना लागते. पाण्यात मिथिलिन ब्लूचा निळसर अंश ठेवायचा. पिल्लांच्या टाकीत पाणी चार बोटंच. ती पृष्ठभागालाच राहतात, खोल पाणी त्यांच्या काही कामाचं नाही. दोन आठवड्यांनी निवड करायची, कारण काही पिल्लं भराभर वाढतात आणि धाकट्या भावंडांनाच खातात. मोठी वेगळी, लहान वेगळी. आणि झाकण. किली उडी मारतात. झाकणाला वायरीसाठी ठेवलेल्या फटीतूनही उडी मारतात.

किलींच्या इतिहासातला सर्वांत अचाट भाग मात्र आपल्या माशाचा नाही, आफ्रिकेच्या पावसाळी डबक्यांतल्या भाऊबंदांचा आहे. झांझिबारचा नोथोब्रँकियस गुंथेरी शास्त्राला १८९३ पासून ठाऊक होता. पाऊस पडला की डबक्यात मासे, डबकं आटलं की मासे मेले, पुढच्या पावसात पुन्हा मासे. मधल्या काळात अंडी चिखलात असतात. स्टॅनफर्डचे जॉर्ज मायर्स यांनी १९५२ साली अशा माशांवर शौकिनांच्या मासिकात सविस्तर लिहिलं आणि त्यांना वर्षायू मासे ठरवलं. जॉन वूर्म्स यांनी १९७२ मध्ये लागोपाठ तीन लेखांत दाखवलं की अंड्यातला गर्भ तीन टप्प्यांवर वाढ थांबवून स्वस्थ बसू शकतो. सगळी अंडी एकाच वेळी जागी होत नाहीत. अवकाळी पाऊस पडून डबकं पुन्हा आटलं तरी काही मागे राहतात.

शौकिनांनी हे शास्त्राची वाट न बघता वापरलं. मासे पीटमध्ये, म्हणजे दलदलीतल्या कुजक्या वनस्पतींच्या मातीत, अंडी घालतात. पीट पिळून ओलसर ठेवायचं, प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचं, तारीख लिहायची आणि काही आठवडे किंवा महिने विसरायचं. मग पाणी ओतलं की तासाभरात पिल्लं. हीच पिशवी पाकिटात घालून टपालानं पाठवता येते. १९६० च्या दशकात अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीत किलीवाल्यांच्या संघटना उभ्या राहिल्या त्या या पाकिटांवर. मासा पाठवायला विमान, पाण्याची पिशवी आणि ऑक्सिजन लागतो. अंड्यांना तिकीट पुरतं. माझ्या ओळखीतल्या एका पुणेकर गृहस्थांकडे अशी पाकिटं यायची. पीट तेव्हा आपल्याकडे मिळत नसे, म्हणून ते नारळाचा काथ्या पुन्हा पुन्हा उकळून, त्याचा तांबडा रंग जाईपर्यंत धुऊन वापरत. काथ्यानं काही अडलं नाही.

१९६८ मध्ये रिचर्ड फर्झर या शौकिनानं तेव्हाच्या ऱ्होडेशियात, गोनारेझूच्या जंगलातल्या एका डबक्यातून एक वर्षायू किली पकडला. १९७१ साली आर. ए. जब यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं ते कुठल्या संग्रहालयाच्या नियतकालिकात नव्हे, तर अमेरिकन किलीफिश असोसिएशनच्या, म्हणजे पाळणाऱ्यांच्या मासिकात. नोथोब्रँकियस फर्झेरी. मग तीसेक वर्षं त्या डबक्याचा वंश लोकांच्या घरांतल्या टाक्यांत, पिढीमागून पिढी, पाकिटांतून फिरत जिवंत राहिला. २००३ मध्ये वाल्देसालिची आणि चेल्लेरिनो या दोन इटालियनांनी दाखवलं की हा वंश टाकीतही जेमतेम तीन महिने जगतो, आणि म्हातारा होऊन मरतो. म्हातारपणाचा अभ्यास करणाऱ्यांना असा पाठीचा कणा असलेला प्राणी हवाच होता. आज जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांत तो आहे. २०१५ मध्ये त्याची जनुकीय मांडणी पूर्ण वाचून झाली. कोणा एका गृहस्थाच्या घरी एखाद्या वर्षी पिल्लं उपाशी मेली असती, आणि शेजारच्या गावी दुसऱ्याकडे पाकीट गेलेलं नसतं, तर हे शास्त्र दुसऱ्याच माशावर उभं राहिलं असतं. पिल्लांना जेवण घालण्याच्या कामाला मी उगीच मोठं करतो असं ज्यांना वाटतं, त्यांना मी हे उदाहरण देतो.

आपला मासा मात्र असा कुठे पोचला नाही. तो गेला आणि परत आला. कुर्ल्याच्या मासेबाजारात काही वर्षांपूर्वी एका पिशवीत लिंबासारखे पिवळे मासे दिसले. तोंड वर, शेपटीकडे पुसट पट्टे, डोक्यावर ठिपका. विक्रेता तरुण होता. "गोल्डन वंडर, काका. इम्पोर्टेड आहे." जोडीचा भाव त्यानं सांगितला तो ऐकून आजी बावखलात उतरली असती. हा टिकलीवालाच. पाळणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्याचा रानटी रंग घालवला आणि पिवळा तेवढा ठेवला. देखणा आहे, नाही म्हणत नाही. मी घेतला नाही. रंग उडवून परत विकलेला आपलाच मासा विकत घ्यायला माझा हात खिशाकडे गेला नाही.

दरम्यान डीडीटीचं युग येऊन गेलं. मुंबई इलाख्यात १९४६ पासून फवारणी सुरू झाली, १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम आला, आणि मासा सगळे विसरले. डास औषधाला सरावले, मलेरिया परतला, तेव्हा माशाची आठवण झाली. पण आठवला तो गप्पी. आता डेंग्यूच्या दिवसांत गावोगाव गप्पी पैदास केंद्रं आहेत. सिमेंटच्या टाक्या, गच्चीवरचे हौद, बांधकामावरचे खड्डे, अशा ठिकाणी गप्पी सोडायला माझी काहीच हरकत नाही. तिथे दुसरा मासा जगणारही नाही. बावखलाची गोष्ट वेगळी. वसईत जी बावखलं बुजवून इमारती झाल्या ती गेली. जी उरली आहेत त्यांत डासांवरचा मासा आधीपासून आहे, फुकट आहे आणि तिथेच पिल्लं काढतो.

तेव्हा ज्यांच्या वाडीत अजून बावखल किंवा शेवाळी विहीर आहे त्यांना माझी एक विनंती आहे. गप्पीची पिशवी घेऊन कोणी आलं तर त्याला चहा द्या आणि पिशवी उघडण्याआधी काठावर जाऊन पाच मिनिटं पाण्याकडे वरून बघा. रुपेरी ठिपके दिसले तर गप्पी तिथे सोडू नका. आणि मिठागराच्या बाजूला राहत असाल तर मे महिन्यात लालसर कोंडीतलं पेलाभर पाणी घरी आणून भिंगाखाली धरा. कुलकर्ण्यांची नोंद सत्तर वर्षांपूर्वीची आहे. ती आज कुठे कुठे खरी आहे, हे लिहून ठेवायला कोणीतरी हवं.